मुलांचा संधिवात

गेल्या वर्षी माझ्या वर्गात घडलेली एक गोष्ट प्रथम सांगते आणि मग विषयाकडे वळते. सांगताना थोडा संकोच वाटतो. कारण तीत चूक माझीच आहे.

सहावीतील एक मुलगी दिवाळीच्या सुट्टीनंतर रोज उशिरा येऊ लागली. प्रार्थना संपून हजेरी सुरू झाली, की ही दारात उभी. जिना चढताना कठडा धरून एकेक पायरी चढे. पहिल्या तासाला शुद्धलेखनाच्या दहा ओळी सांगितल्या, तर तिच्या चारच लिहून होत आणि अक्षरही वेडेवाकडे येई. परंतु दुपारच्या सुट्टीत पाहावे, तर हीच मुलगी मैत्रिणींबरोबर पटांगणात लगोरी खेळताना दिसे. दुखणे खरे असते, तर ते दुपारी कोठे जाते? हा आळसच होय, असा निष्कर्ष मी मनाशी काढला आणि एके दिवशी तिला वर्गासमोर उभे करून आळसाविषयी चार शब्द सुनावले. ती खाली मान घालून उभी राहिली. एक अक्षरही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी तिची आई शाळेत आली. “बाई, ती पाच वाजता उठते,” त्या म्हणाल्या, “पण सात वाजेपर्यंत तिला मूठ मिटता येत नाही. वेणी मी घालते, बटणे मी लावते. जरा ऊन वर आले, म्हणजे हळूहळू सांधे सुटतात.” एवढे बोलून त्यांनी मुलीचे मनगट माझ्या हाती दिले. ते सुजले होते आणि माझ्या तळव्याला गरम लागत होते. इतके दिवस मी तिची वही रोज तपासत होते. वहीवर टेकलेले मनगट मात्र एकदाही पाहिले नव्हते.

त्या मुलीला संधिवात झाला होता. या दुखण्याविषयी त्यानंतर मी जे वाचले आणि जाणत्या डॉक्टरांकडून समजावून घेतले, ते येथे मांडीत आहे.

आमच्या घरी कोंकणी बोलतात. माझी कारवारकडची आजी आपल्या गुडघ्यांच्या दुखण्याला ‘वायू’ म्हणे. मराठीत आपण संधिवात म्हणतो, शेजारच्या तेलुगू घरात ‘कीळ्ळवातम्’ म्हणतात, तर चारमिनारच्या बाजूला ‘गठिया’ हा शब्द कानी पडतो. सातव्या-आठव्या शतकाच्या सुमारास रचल्या गेलेल्या ‘माधवनिदान’ या वैद्यकग्रंथात ‘आमवाता’वर स्वतंत्र प्रकरण आहे. शब्द इतके, परंतु त्यांपैकी कोणताही उच्चारला तरी डोळ्यांपुढे काठी टेकीत चालणारी म्हातारीच उभी राहते, दप्तर पाठीला लावलेले मूल उभे राहत नाही. या समजुतीपायी कित्येक मुलांचे दुखणे महिनोन् महिने ओळखलेच जात नाही आणि उपचारांचा मोलाचा काळ हातचा जातो.

हा रोग मुलांनाही होतो, इतकेच नव्हे, तर मुलांमधील त्याचे रूप प्रौढांहून निराळे असते, हे लंडन येथील ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटच्या बालरुग्णालयातील जॉर्ज फ्रेडरिक स्टिल या तरुण डॉक्टरने १८९७ साली दाखवून दिले. त्याने २२ मुलांची लक्षणे बारकाईने नोंदविली होती. आज १६ वर्षांच्या आत सुरू झालेल्या, किमान ६ आठवडे टिकलेल्या आणि ज्याचे दुसरे कोणतेही कारण सापडत नाही, अशा सांध्यांच्या दाहाला बालसंधिवात म्हणतात. जगभरातील पाहण्यांवरून साधारणतः हजार मुलांमागे एकास तो होतो असे धरतात. या हिशेबाने पाहिले, तर आपल्या हैदराबादसारख्या महानगरात अशी मुले काही थोडीथोडकी नसणार.

आता हा दाह होतो कसा, ते पाहू. दोन हाडे जेथे मिळतात, तेथे त्यांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चा असते. सांध्याभोवती एक पिशवी असून तिच्या आतील पातळ अस्तरातून एक चिकट द्रव पाझरतो. बैलगाडीच्या आसाला वंगण असते, तसेच हे शरीराचे वंगण होय. आपल्या रक्तातील प्रतिकारशक्तीचे काम रोगजंतूंशी लढण्याचे. परंतु या रोगात ती आपल्याच सांध्याच्या अस्तराला परके समजून त्यावर चाल करते. कुंपणानेच शेत खावे, तसा हा प्रकार. अस्तर सुजते, द्रव वाजवीपेक्षा जास्त साचतो, सांधा जड व गरम होतो. आणि हे असेच दीर्घकाळ चालू राहिले, तर कूर्चा व हाड झिजू लागते. प्रतिकारशक्तीची ही भूल का होते, याचे पुरते उत्तर अद्याप सापडलेले नाही. काही अंशी ती प्रकृतीच्या जन्मजात घडणीत असते, काही अंशी बाहेरच्या निमित्ताने घडते. मात्र ते आईच्या हयगयीचे, थंड पाण्याचे वा चिंचेच्या सारातील आंबटपणाचे फळ नव्हे, हे निश्चित. तसेच हा रोग संसर्गजन्य नाही; अशा मित्राचा हात हाती घेतल्याने तो कोणालाही जडत नाही.

सांधा रात्रभर निश्चल राहिला, म्हणजे सुजेचा द्रव जागच्या जागी साचून राहतो आणि सांधा आखडतो. हालचाल सुरू झाली, की तो हळूहळू मोकळा होतो. म्हणून या मुलांची सकाळ सर्वांत कठीण आणि दुपार त्या मानाने सुखाची असते. माझी विद्यार्थिनी सकाळी कठडा धरीत होती आणि दुपारी लगोरी खेळत होती, यात लबाडी यत्किंचितही नव्हती. ज्या गोष्टीवरून मी तिला खोटे ठरविले, तीच तिच्या रोगाची खूण होती!

पालकांनी व शिक्षकांनी ध्यानात ठेवावीत अशी आणखीही लक्षणे आहेत. सांधा सुजतो व गरम लागतो, पण फारसा लाल होत नाही. पुष्कळदा मूल ‘दुखते’ असे म्हणतच नाही. ते नुसते लंगडते. चालू लागलेले लहान मूल सकाळी पुन्हा कडेवर घ्या म्हणते. मोठे मूल मांडी घालून बसणे, उकिडवे बसणे टाळू लागते. बराच वेळ बसल्यावर उठताना पहिली काही पावले अडखळत पडतात. अशी लक्षणे काही आठवडे टिकली, तर ‘पडला असेल कोठे तरी’ म्हणून सोडून देऊ नये.

या रोगाचे सात प्रकार मानतात. त्यांतील मुख्य तेवढे सांगते. पहिल्या सहा महिन्यांत चार किंवा त्याहून कमी सांधे धरले, तर तो एक प्रकार. तो बहुधा लहान मुलींत आढळतो व गुडघ्यापासून सुरू होतो. पाच किंवा अधिक सांधे धरले, तर तो दुसरा. त्यात हातांची बोटे व मनगटेही सापडतात. तिसऱ्यात सांध्यांच्या आधी ताप येतो. रोज एकदा-दोनदा एकाएकी चढतो व उतरतो, आणि अंगावर फिकट गुलाबी पुरळ उठते. सावळ्या कातडीवर हे पुरळ चटकन दिसत नाही. चौथा प्रकार मोठ्या मुलग्यांत, विशेषतः सहा वर्षांनंतर दिसतो. त्यात टाच, गुडघा, कंबर अशा ठिकाणी स्नायूंचे बंध हाडाला जेथे चिकटतात, तेथे दाह होतो. मैदानावर ‘टाच दुखते’ म्हणणाऱ्या प्रत्येक मुलाला हा रोग असतो असे नाही. परंतु सकाळी पहिले पाऊल टेकताना ज्याची टाच महिनोन् महिने ठणकते, त्याला डॉक्टरांना अवश्य दाखवावे.

तथापि सांधे दुखण्याची कारणे अनेक आहेत. वाढत्या वयातील मुलांचे पाय रात्री दुखतात, चेपून दिले की मूल झोपी जाते आणि सकाळी उठून धावू लागते, सूज नसते. ते निरुपद्रवी होय. घसा दुखून गेल्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी ताप येऊन दुखणे आज या सांध्यात तर उद्या त्या सांध्यात असे फिरू लागले, तर तो हृदयाला धोका पोहोचविणारा संधिज्वर असू शकतो. क्षयाचे जंतू सांध्यात शिरू शकतात; रक्ताच्या कर्करोगाची सुरुवातही कधीकधी अशाच दुखण्याने होते. म्हणूनच घरच्या घरी किंवा औषधाच्या दुकानात विचारून स्टिरॉइडच्या गोळ्या सुरू करणे फार धोक्याचे. त्यांनी खरा रोग काही काळ झाकला जातो. याउलट, रक्तातील ‘संधिवाताची तपासणी’ निर्दोष आली म्हणून निर्धास्त होण्याचेही कारण नाही. प्रौढांत जी तपासणी बहुधा दोष दाखविते, ती बालसंधिवाताच्या बहुसंख्य मुलांत निर्दोषच येते. या रोगाचे निदान मुख्यतः जाणत्या डॉक्टरांच्या डोळ्यांनी व बोटांनी होते.

डोळ्यांवरून आठवले. या रोगात सांध्यांबरोबर डोळ्याच्या आतील भागासही दाह होऊ शकतो. आणि नवल असे, की तो बहुधा अगदी मुकाट्याने होतो. डोळा लाल होत नाही, दुखत नाही, मूल तक्रार करीत नाही, आणि दृष्टी मात्र क्षीण होत जाते. म्हणून डोळ्यांत काही होत नसले, तरी नेत्रतज्ज्ञांकडून विशिष्ट दिव्याच्या यंत्राखाली डोळे ठरलेल्या अंतराने तपासून घ्यावे लागतात. लहान मुलींना तर दर तीन महिन्यांनी जावे लागते. आपल्या शहरात १९८७ साली स्थापन झालेली एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्था आहे. सांध्यांसाठी पंजागुट्ट्याचे निजाम वैद्यकीय विज्ञान संस्थान आहे. प्रारंभी ते केवळ हाडांच्या उपचारांचे निजाम ऑर्थोपेडिक हॉस्पिटल होते. आज तेथे संधिवाताचा स्वतंत्र विभाग चालतो. लहान मुलांसाठी नीलोफर रुग्णालय आहेच. सांगायचे तात्पर्य, या रोगासाठी हैदराबादच्या मुलाला दूर जावे लागत नाही. वेळेवर जावे मात्र लागते.

आता उपचारांकडे वळू. १९४८ साली अमेरिकेतील डॉ. फिलिप हेंच यांनी संधिवाताने जखडलेल्या एका स्त्रीला कॉर्टिसोन हे औषध टोचले आणि थोड्याच दिवसांत ती चालू लागली. या संशोधनाबद्दल त्यांना व आणखी दोन संशोधकांना १९५० सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु हे औषध दीर्घकाळ पोटात घेतल्यास मुलांची उंची खुंटते व हाडे ठिसूळ होतात, हे पुढे ध्यानात आले. म्हणून त्याच घराण्यातील औषध आज शक्य तेथे सुजलेल्या सांध्यातच टोचतात. पोटात देण्याची पाळी आली, तर ते थोडके व थोडे दिवस देतात. दुखणे व सूज कमी करणाऱ्या साध्या गोळ्याही असतात. त्या आराम देतात, मात्र रोगाचे मूळ आवरीत नाहीत.

मूळ आवरणाऱ्या औषधांतील अग्रणी म्हणजे मेथोट्रेक्झेट. याची कथा आपल्या तेलुगू बांधवांना अभिमान वाटावा अशी आहे. गोदावरीच्या मुलुखातील भीमवरम येथे १८९५ साली जन्मलेले यल्लाप्रगड सुब्बाराव अमेरिकेस गेले आणि १९४० पासून तेथील लेडर्ले प्रयोगशाळेत संशोधन करू लागले. त्यांच्या देखरेखीखाली फॉलिक आम्ल हे जीवनसत्त्व प्रयोगशाळेत तयार झाले. मागोमाग त्या जीवनसत्त्वाला विरोध करणारी औषधेही निघाली. बोस्टनचे डॉ. सिडनी फार्बर यांनी १९४७-४८ साली त्यांतील एक औषध रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांना देऊन पाहिले. मेथोट्रेक्झेट त्याचेच भावंड. सुब्बाराव १९४८ सालीच निवर्तले. आपल्या प्रयोगशाळेतील औषध पुढे सांधे धरलेल्या मुलांना चालते करील, हे पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. १९९२ साली अमेरिका व त्या वेळचा सोव्हिएत संघ येथील १२७ मुलांवर घेतलेल्या चाचणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. पुरेशा मात्रेत हे औषध घेणाऱ्या मुलांपैकी शेकडा ६३ सुधारली, तर औषधाविना नुसती गोळी घेणाऱ्यांपैकी शेकडा ३६. तेव्हापासून या रोगात मेथोट्रेक्झेटचे स्थान पक्के झाले.

हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. चुकून रोज घेतले, तर जिवावर बेतते. म्हणून वार ठरवून भिंतीवरील कालनिर्णयावर खूण करावी. बरोबर फॉलिक आम्लाची गोळी देतात, म्हणजे मळमळ व तोंड येणे कमी होते. एकाच प्रयोगशाळेतून आलेली ही दोन औषधे, एक लढणारे आणि दुसरे सांभाळणारे, अशी जोडीने नांदतात. रक्त मधूनमधून तपासावे लागते. माझ्या विद्यार्थिनीच्या घरी एक घोटाळा झाला. वडिलांनी कोठेतरी वाचले, की हे कर्करोगाचे औषध आहे. ते हादरले आणि कोणालाही न विचारता त्यांनी ते बंद केले. महिन्याभरात दुसरेही मनगट सुजले. सांध्यांसाठी याची मात्रा कर्करोगाच्या मानाने फारच थोडी असते, हे डॉक्टरांनी समजावून सांगितले, तेव्हा औषध पुन्हा सुरू झाले. औषधाची भीती वाटणे स्वाभाविक आहे. पण ती डॉक्टरांपुढे बोलून दाखवावी, मनात ठेवून औषध थांबवू नये. शिवाय या औषधांचा गुण यावयास दोन-तीन महिने लागतात. पी हळद आणि हो गोरी, असा हा प्रकार नव्हे.

मेथोट्रेक्झेटने भागले नाही, तर आता जैविक औषधे उपलब्ध आहेत. दाह पेटविणारा नेमका एकच पदार्थ हुडकून ती त्याला अडवितात. त्यांतील पहिले औषध १९९९ साली अमेरिकेत मुलांसाठी मान्य झाले. ती महाग आहेत खरी. तथापि २०१४ साली अहमदाबादच्या एका कंपनीने अशाच एका औषधाची देशी आवृत्ती बाजारात आणली आणि तेव्हापासून किमती काहीशा आवाक्यात येऊ लागल्या आहेत. ही औषधे सुरू करण्यापूर्वी क्षयाची तपासणी करतात. लसी कोणत्या घ्याव्यात व कोणत्या टाळाव्यात, हेही डॉक्टरांनाच विचारावे.

औषधाइतकेच महत्त्व व्यायामाला आहे. ‘दुखते ना, मग पडून राहा,’ असे मायेने सांगितले जाते. परंतु न हलणारा सांधा आखडतो व स्नायू वाळतात. गुडघ्याखाली उशी घेऊन झोपल्याने बरे वाटते, पण गुडघा वाकलेलाच राहण्याचे भय असते. सकाळी गरम पाण्याने स्नान, मग शिकविल्याप्रमाणे सावकाश व्यायाम, आणि जमेल तेव्हा पोहणे वा सायकल, हा क्रम हितावह. पथ्याच्या नावाखाली दही, ताक, केळी, भात सारेच तोडणाऱ्या घरांनी विचार करावा, की ज्या मुलाची भूक रोगाने आधीच मंदावली आहे, ते वाढावे कशाच्या बळावर? दूध, डाळी, अंडी, भाज्या यांनी युक्त असा चौरस आहारच त्याचे पथ्य होय.

आणि शाळेने काय करावे? फार खर्चाचे काही नाही. अशा मुलाचा वर्ग तळमजल्यावर असावा. त्याला जमिनीऐवजी बाकावर बसवावे आणि दर अर्ध्या तासाने उठून दोन पावले टाकण्याची मुभा द्यावी. पुस्तकांचा एक संच घरी व एक शाळेत असला, म्हणजे दप्तराचे ओझे वाचते. जाड लेखणीने धरणे सोपे जाते. परीक्षेत थोडा अधिक वेळ द्यावा. कवायतीच्या तासाला त्याला एका बाजूला बसवून ठेवू नये. आज काय जमेल, हे त्यालाच विचारावे. वर्गात कोणाला कांजिण्या वा गोवर निघाल्यास त्याच्या पालकांना त्याच दिवशी कळवावे, कारण त्याच्या औषधांमुळे हे साथीचे रोग त्याला अधिक बाधतात. विद्यार्थीमित्रहो, तुमच्याकडेही एक काम आहे. ‘काल तर धावत होतास, आज काय झाले?’ असा प्रश्न अशा मित्राला विचारू नका. आजचे त्याचे दुखणे कालच्याहून वेगळे असू शकते.

दुखणे हत्तीच्या पावलांनी येते आणि मुंगीच्या पावलांनी जाते, असे आपल्याकडे म्हणतात. या रोगात ते फार खरे आहे. काहींचा रोग पुढे पूर्णपणे शमतो. काहींना मोठेपणीही औषध घ्यावे लागते. परंतु वेळीच उपचार मिळालेली बहुतेक मुले शिकतात, खेळतात, नोकरी-व्यवसाय करतात व संसारही करतात. लवकर ओळखणे आणि नेटाने उपचार करणे, ही दोन पथ्ये मात्र सांभाळावी लागतात.

ती मुलगी आता सातवीत आहे. तिचा वर्ग यंदा तळमजल्यावर घेतला आहे. एक मनगट अजून पुरते वाकत नाही. अक्षर मात्र पुष्कळ सुधारले आहे. थंडीच्या दिवसांत कधीकधी तिला अजूनही उशीर होतो. हजेरी घेताना तिचे नाव आले आणि उत्तर आले नाही, की मी त्या ओळीत लगेच खूण करीत नाही. तेवढी जागा मोकळी ठेवून पुढचे नाव पुकारते.